आला तेव्हा काय दाखवत होता

गफूरचाचा,

काल तुम्ही गेल्याचा चाळिसावा झाला. जेवणं उरकल्यावर चाचींनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि पलंगाखालून अर्थिंग मोजायच्या तुमच्या टेस्टरची लाकडी पेटी ओढून काढली. पेटीचा पट्टा अजून तसाच आहे, एका टोकाला सुतळीनं शिवलेला. मी हात लावायला धजत नव्हते. तेव्हा त्याच म्हणाल्या, "ले बेटी. उनो बोले थे, ईद के बाद वाशिम जाके कल्पना के मशीन पे लगाऊंगा. अब तूच लगा."

चार वर्षं मी या पेटीच्या मागे लागले होते. एकदा तपासू द्या, एकदाच, फुकट करून देते, असं किती वेळा म्हटलं असेन. तुम्ही दरवेळी हात झटकायचात. "माह्या उस्तादनं देल्ला हाये तो. त्याले पास-नापास कायले करतं?" आणि आता पेटी आली ती अशी.

सकाळी दहापासून ती माझ्या बाकावर आहे. एसी लावला, खोली तेवीस अंशांवर आली, मशीन तापून तयार झालं, लॅपटॉपवर तुम्ही सांगून लिहून घेतलेली तपासणीची प्रोसिजर उघडून ठेवली. आणि पेटीची कडी काढायची सोडून मी हे लिहीत बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लिवत काय बसली, कडी काढ ना." काढते चाचा. आधी थोडं बोलू द्या.

लोक मला विचारतात, तू नक्की करतेस काय? मी सांगते, किराणावाल्याची वजनं सरकारी माणूस तपासतो ना, तशी मी वायरमन लोकांची मीटरं तपासते. माझं मशीन खात्रीचा आकडा देतं, त्यावर मीटर काय दाखवतं ते बघायचं, फरक लिहायचा, दुरुस्त करायचं, प्रमाणपत्र द्यायचं. रिठदला आमच्या घरी हे अजून कोणाला नीट उमगलेलं नाही. आई शेजारणीला सांगते, पोरगी लाइटीचं काहीतरी करते. तुम्हाला मात्र पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं, माझ्यापेक्षा जरा जास्तच.

आठवतं? दुकान उघडून दोन महिने झाले होते आणि मी दिवसभर खुर्चीत बसून रस्ता बघत होते. तुम्ही आलात. पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तीन मीटर. "मंगरूळच्या वायरमन लोकायचे हायेत, पाहून देजो." दोन बरोबर निघाले. तिसरं लहान आकड्यांना नीट होतं आणि मोठ्या आकड्यांना चुकत होतं. मी घाबरले. आधी माझ्या तारा बदलल्या, मग मशीन बंद करून चालू केलं, तीनदा तपासलं आणि शेवटी चाचरत सांगितलं, "चाचा, यातलं एक फेल आहे." तुम्ही खिशातून चिमटीत धरून तांदळाएवढा एक रेझिस्टन्स काढलात आणि बाकावर ठेवलात. "हा त्यातला असली. मीच बदलून आनला होता. पाहाचं होतं, दुकानात मानूस बसते का नुसतं मशीन."

मला असा राग आला होता चाचा! तोंडावर काही बोलले नाही, पण तुम्ही गेल्यावर आईला फोन करून तुम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या. पुढच्या सोमवारी तुम्ही डबा घेऊन आलात आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसलात. कामाला ठेव असं तुम्ही म्हणाला नाहीत, राहा असं मी म्हटलं नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, मंगरूळपीरहून सकाळची बस. काट्याची मीटरं संपत आली तसं तुमचं तिथलं मीटर-दुरुस्तीचं दुकानही संपलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही.

माझ्या सॉफ्टवेअरची तुम्ही केलेली चेष्टा तर मी जन्मात विसरणार नाही. ते पडद्यावर मीटरचं चित्र दाखवतं. लाल तार इथे लावा, काळी तिथे, बटण या खुणेवर आणा, काय दिसतं ते भरा, आता पुढे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून दहा मिनिटं बघत बसलात आणि म्हणालात, "हे तं नवरदेवाचं काम झालं. भटजी म्हनते पानी सोड, तो सोडते. काहून सोडून राह्यला, त्याले काई मालूम नाई." मी चिडून म्हटलं, मशीन चुकत नाही. त्यावर तुमचा प्रश्न, "मंग याले कोन तपासते?" मी सांगितलं, दर वर्षी हे नागपूरला मोठ्या प्रयोगशाळेत जातं, तिथलं मशीन त्याहून मोठ्या ठिकाणी जातं, असं वरवर. तुम्ही समाधानानं मान हलवलीत. "म्हनजे याचाई पीर हाये कुठीतरी." तेव्हापासून मशीन नागपूरला गेलं की तुम्ही दारातूनच विचारायचात, गेलं का दर्शनाले?

त्या सॉफ्टवेअरमध्ये पायरी-पायरीच्या सूचना आपल्या शब्दांत लिहिता येतात, हे तुम्हाला दाखवलं ती माझी चूक. त्यानंतर तुम्ही मला सुखानं जगू दिलं नाहीत. इंग्रजी सूचना काढायला लावल्यात आणि स्टुलावर बसून एकेक सांगत गेलात. मी टाइप करत गेले, तुमच्याच बोलीत, कारण मी जरा शुद्ध केलं की तुम्हाला ते पटायचं नाही. अजूनही माझ्या पडद्यावर येतं, "तारा लावाच्या आधी हात पूस." काट्याच्या मीटरला येतं, "काटा थरथरून राह्यला तं वाट पाय. त्याले घाई नाई, तुले काहून?" आणि आकडा भरायच्या चौकटीवर, "जो दिसला तो लिव. जो पाह्यजे होता तो नोको लिवू." अकोल्याचे एक साहेब मीटर घेऊन आले होते, ते हे वाचून खुर्चीत मागे रेलून हसले. तुम्ही त्यांच्याकडे असं बघितलंत की त्यांनी चहा अर्धा सोडला.

दुरुस्तीच्या आधी मात्र एक सूचना होती, ती तुम्ही प्रत्येक प्रोसिजरमध्ये घालायला लावली होती. "थांब. पेचकस खाली ठेव. आला तवा काय दाखवत होता ते लिवलं का?" ते आकडे भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. मी कुरकुर केली की तुम्ही समजावायचात. "मीटर आपल्यापाशी अर्धा घंटा राह्यते. मालकापाशी सालभर होतं. त्या सालाचं कोन सांगन?" आणि सगळ्यात शेवटची सूचना, काम संपल्यावरची, "झालं. आता मालकाले सांग, मीटर कसं आलं होतं."

ती मधली सूचना मी बंद केली होती, चाचा. तुम्हाला हे आपल्या भांडणाच्या दिवशी कळलं नाही, तुम्हाला वाटलं मी नुसती विसरले. मी विसरले नव्हते. मार्चची गर्दी होती, बाकावर मीटरांची रास लागली होती, आणि त्या सूचनेमुळे प्रत्येक मीटर दोनदा तपासावं लागत होतं, एकदा आलं तसं आणि एकदा दुरुस्त करून. मी सेटिंगमध्ये जाऊन एक टिक काढली. आठवडाभरापुरती, असं स्वतःला सांगितलं. मग पडद्यावर थांब म्हणणारं कोणी उरलं नाही आणि माझं काम भराभर व्हायला लागलं.

गुरुवार होता, म्हणजे तुमचा यायचा दिवस नव्हता. मानोऱ्याचे विजेचे ठेकेदार देवीदासभाऊ त्यांचा अर्थिंग टेस्टर घेऊन आले. त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं, ते दारातच घुटमळत उभे होते. मी तारा जोडल्या. पहिलाच आकडा कमी दिसला. बराच कमी, एवढं डोळ्यांच्या कडेनं पाहिलं आणि हात आपोआप पेचकसाकडे गेला. स्क्रू फिरवला, आकडा जागेवर आला, मग सगळे आकडे भरले, सगळे हिरवे. प्रमाणपत्र छापलं, भाऊ खूश होऊन गेले.

शुक्रवारी तुम्ही आलात. रोजे चालू होते, म्हणून डबा नव्हता आणि मी माझा चहा बाहेर जाऊन पिऊन आले होते. परत येऊन बघते तर प्रमाणपत्राची प्रत तुमच्या हातात.

"हा खाना रिकामा काहून हाये?"

"दुरुस्त झाला ना चाचा तो. आता बरोबर दाखवून राह्यला."

"आताचं नाई पुसून राह्यलो मी. आला तवा काय दाखवत होता?"

"कमी."

"किती कमी?"

तुम्ही कागद बाकावर ठेवलात, हळूच, आणि तेच मला जास्त लागलं. "अर्थिंगचं मशीन हाये ते, बेटा. सालभर कमी दाखवलं म्हनजे खराब अर्थिंगले त्यानं चांगली म्हनलं. कुठीतरी मोटरीच्या लोखंडात करंट उतरन, तं जमिनीत जाची वाट नाई त्याले. तो तिथीच वाट पाहीन, कोनाचा वला हात लागते म्हून. आन् हे किती जागी झालं, किती खोटं बोललं ते, आता खुदाले मालूम. तू फोन लाव देवीदासले. सांग त्याले, सालभराच्या साऱ्या जागा पुन्हा मोज."

मी म्हटलं, काय सांगू? माझ्याकडे आकडाच नाही. उगाच त्यांना घाबरवायचं, माझ्या दुकानाचं नाव खराब करायचं. तुम्ही म्हणालात, आकडा नाही हेच सांग. मी म्हटलं, सॉफ्टवेअरनं पास केलंय. तुम्ही म्हणालात, सॉफ्टवेअर काय तिथे पानी भराले जाते का? आणि मग माझ्या तोंडून ते गेलं. "मले शिकवता चाचा, पन तुमच्या टेस्टरचं तरी कोनाले मालूम हाये, तो खरा का खोटा? तो तं कधी या टेबलावर आलाच नाई."

तुम्ही चष्मा काढून डबीत ठेवलात, टोपी नीट केलीत, पिशवी खांद्याला लावलीत. दारात एकदा थांबलात. मला वाटलं वळाल. तुम्ही फक्त चपलेतला खडा काढत होतात.

सोमवारी तुम्ही आला नाहीत. म्हटलं, रुसलेत, बुधवारी येतील. बुधवारी मी दहापर्यंत दोनदा बस-स्टँडकडच्या रस्त्यावर डोकावून आले. पुढच्या आठवड्यात एकदा फोन केला. "कसं काय चाचा?" "बरं हाये. जरा काम हाये इकडे." तुमचा आवाज धापा टाकल्यासारखा येत होता, मागे एसटीचा आवाज होता. मी काम कोणतं ते विचारलं नाही. मला वाटलं तुम्हीच टाळताय. मग मी मनाशी ठरवून टाकलं, ईदला जाऊ, चाचींच्या हातचा शीरखुर्मा खाऊ आणि त्या गडबडीत माझं चुकलं एवढं म्हणून टाकू. गर्दीत म्हटलं की सोपं जातं. ईदच्या दोन दिवस आधी सकाळी तुमच्या सलीमचा फोन आला. रडत रडत त्यानं दोनच वाक्यं सांगितली, पहाटे फजरची नमाज पढून अब्बा पडले, उठलेच नाहीत.

तुम्हाला न्यायच्या वेळी मी आत बायकांमध्ये चाचींजवळ बसले होते. बाहेर खांदा द्यायला माणसं मावत नव्हती, त्यांतली निम्मी वायरमन होती. चाची माझा हात धरून म्हणत होत्या, "रोज मानोरा जाताहूं बोलके जाते थे. मैं समझी, तेरा काम है." मला काही समजलं नाही. मी मान हलवली. ती मान हलवलेली मला अजून टोचते.

आठवड्याभरानं मी देवीदासभाऊंना फोन लावला. तुमच्या धाकानं नव्हे, तुम्ही नसल्याच्या धाकानं म्हणा. "भाऊ, तुमच्या टेस्टरबद्दल एक सांगायचं राहिलं." पलीकडून भाऊ म्हणाले, "अवो ताई, ते तं चाचानं कवाच सांगतलं. माह्याकडून अकरा जागेची लिस्ट घेऊन गेले ना! मी म्हनलं, चाचा, मी नेतो गाडीवर. आयकलंच नाई त्यायनं. म्हने, टेबलावरची चूक माह्या हातानं झाली, पोरीचा काई संबंध नाई, मीच मोजतो." मी फोन ठेवला आणि तुमच्या स्टुलावर बसले. चार वर्षांत पहिल्यांदा बसले. ते एका पायानं डुगडुगतं, हेही तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत.

भाऊंकडून तीच यादी मागवून घेतली आणि स्कूटीवर निघाले. पहिली जागा मानोऱ्याच्या पुढच्या एका तांड्यावरचा पाण्याचा पंप. ऊसतोडीहून लोक परतले होते, टाकीजवळ घागरींची रांग होती. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर, अर्थिंगचा खड्डा आहे त्याच्या बरोबर वर, लाल रंगानं दोन ओळी होत्या. "आलो तेव्हा ९ ओहम. आता ४." खाली एक वाकडा ग. तुमच्या अक्षरातली चारची शेपटी मी लांबूनही ओळखली असती. पाचाच्या आत आकडा आला तरच तुम्ही हो म्हणायचात, आणि इथे तुम्ही नवाचा चार करून गेला होतात.

रांगेतली एक बाई माझ्या हातातला टेस्टर बघून म्हणाली, "तुमी त्या बुढ्या बाबाच्या कोन?"

मी म्हटलं, "त्यांच्याजवळ शिकते मी."

"लय हट्टी मानूस, वो. दोन दिस मोटर लावू देली नाई आमाले. आमी बोललो त्यायले, लय बोललो. पन आयकतीन तं खरं! गड्डा खंदाले लावला, त्यात मीठ, कोयसा टाकाले लावला, घागरी-घागरी पानी सोडाले लावलं. दुसऱ्या दिशी पुन्हा आले, पुन्हा खुट्या ठोकल्या, मोजलं. मंग म्हने, लावा आता." तिनं घागर कमरेवर घेतली. "फाट्यापासून पायी आल्ते उन्हात. मी भाकर देली, तं म्हने रोजा हाये. पानी तरी घ्या म्हनलं, तं हसले. कसे हायेत आता?"

मला सांगता आलं नाही चाचा. मी म्हटलं, बरे आहेत. तिनं निरोप दिला, सांगजा त्यायले, मोटरीले हात लावला तं आता मुंग्या येत नाईत. म्हणजे आधी येत होत्या. ओल्या हातांना मुंग्या येत होत्या, आणि त्या खड्ड्याला त्या टेस्टरनं चांगलं म्हटलं होतं. बायका आपापलं पाणी भरत होत्या.

मग एकेक करत गेले. शाळेच्या भिंतीवर तुमचा आकडा. आश्रमशाळेच्या वसतिगृहावर तुमचा आकडा. पिठाच्या गिरणीवर, "आलो तेव्हा ४. आता तेच", आणि गिरणीवाल्यानं सांगितलं की तिथे तुम्ही सावलीत तासभर पडून राहिला होतात, छातीवर हात ठेवून, आणि विचारलं तर म्हणालात उन्हानं झालं. प्रत्येक ठिकाणी मला तुम्ही एक पाऊल पुढे गेलेले दिसत होतात, हाक मारली तर थांबाल इतक्या अंतरावर. सात जागा. आठव्या जागेची भिंत कोरी होती. नुसता चुना. तिथे मी मोठ्यानं रडले, चाचा, गुरं बांधलेली होती त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं.

राग पण आला. अजून येतो. असं कोणी करतं का? मला नुसता एक फोन केला असतात तर मी धावत आले असते, टेस्टरचं हँडल मी फिरवलं असतं, खुंट्या मी ठोकल्या असत्या. या वयात, या उन्हात, रोज्यात, एकट्यानं? पण मग मी स्वतःलाच विचारते, फोन तर मी केला होता. काम काय आहे ते तुम्ही सांगितलंत तरी मी आले असते का त्या दिवशी? मला वाटतं, आले असते. खात्रीनं नाही सांगू शकत.

परत येताना माझंच वाक्य माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. तुमच्या टेस्टरचं तरी कोणाला माहीत आहे? ते चिडून म्हटलं होतं, पण खोटं नव्हतं. सातही भिंतींवरचे आकडे त्या एका पेटीतून आले आहेत, आणि ती पेटी कधी कोणी तपासलेली नाही. ती जर कमी दाखवत असेल, तर तुमचा चार हा चार नाही. मग त्या बाईच्या हाताला उद्या पुन्हा मुंग्या येतील, किंवा मुंग्यांवर भागणार नाही. हे तुम्हालाही कळलं होतं ना? म्हणून तर ईदनंतर मशीनवर लावतो म्हणालात. माझ्या बोलण्यानं दुखावला होतात, तरी त्यातलं खरं तेवढं उचललंत. मला असं कधी जमलेलं नाही.

मला दुसऱ्या टेस्टरनं त्या सात जागा पुन्हा मोजता आल्या असत्या, सोबत होताच की टेस्टर. मी मोजल्या नाहीत. आकडा वेगळा आला असता तर तुमच्या आकड्याखाली माझा लिहावा लागला असता, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मी पेटीची वाट बघत राहिले, महिनाभर, आणि चाचींकडे मागायचं धाडस होईना. कालपर्यंत.

इथवर लिहिलं आणि कडी काढली.

आत टेस्टर, चार खुंट्या, तारांची गुंडाळी. तारेच्या गुंडाळीत तुमचा रुमाल, त्याला अजून मानोऱ्याची माती. हँडल हातात घेतलं, ते तुमच्या तळव्यानं गुळगुळीत झालेलं आहे. या टेस्टरला एकानं हँडल फिरवायचं आणि दुसऱ्यानं काटा वाचायचा, असं दोन माणसांचं काम. आज उजव्या हातानं फिरवलं आणि डाव्या हातानं आकडे भरले.

सुरू करायच्या आधी सेटिंगमध्ये गेले आणि ती टिक परत केली. प्रत्येक प्रोसिजरमध्ये केली, एकूण एक.

मग तुम्ही बोलायला लागलात. तारा लावाच्या आधी हात पूस. पुसला, तुमच्याच रुमालाला. हँडल एका चालीनं फिरव. काटा थरथरून राह्यला तं वाट पाय. वाट पाहिली. काट्याला घाई नव्हती. सॉफ्टवेअरला तर कधीच नसते. एक ओहम, दोन, पाच, दहा. जो दिसला तो लिहिला. आणि मग पडद्यावर आलं, "थांब. पेचकस खाली ठेव." पेचकस माझ्या हातात नव्हताच चाचा. तरी मी थांबले. बाहेर एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला माझं रडणं ऐकू गेलं असणार, कारण आपलं मीटर बाकावर ठेवून, नंतर येतो म्हणून ते निघून गेलं.

आता शेवटची सूचना पडद्यावर आहे. तिच्याखाली एकच बटण, ते दाबलं की प्रोसिजर बंद होते. मी अजून दाबलेलं नाही. "झालं. आता मालकाले सांग, मीटर कसं आलं होतं."

या मीटरचे मालक तुम्ही आहात. तर सांगते.

तुमचा टेस्टर पाचाला सव्वापाच दाखवतो आणि दहाला साडेदहा. सगळीकडे थोडा जास्त, कमी कुठेच नाही. म्हणजे तुम्ही ज्या खड्ड्याला चार म्हणालात तो चारपेक्षा चांगलाच आहे. तुमच्या सातही जागा बरोबर आहेत, चाचा. तुमच्यासारखाच आहे तो, गरजेपेक्षा जरा जास्त कडक. तुमच्या उस्तादांनाही सांगा. मी स्क्रूला हात लावलेला नाही, आला तसाच ठेवला आहे, फरकाचा कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.

उद्या पहिल्या बसनं निघते. आधी मंगरूळला उतरून चाचींना सांगणार आहे की तुम्ही रोज मानोऱ्याला का जात होतात. हे ऐकून त्यांनी मला घरातून उठवलं नाही तर बसेन, उठवलं तर उठेन. मग उरलेल्या चार जागा, तुमच्याच पेटीनं. हँडल फिरवायला देवीदासभाऊ येतो म्हणालेत. लाल रंगाचा डबा घेतला आहे.

आणि तुम्ही त्या शुक्रवारी मला जे विचारलं होतं, देवीदासभाऊंचा टेस्टर आला तेव्हा काय दाखवत होता, किती कमी, त्याचं उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलं होतं. मला माहीत नाही, चाचा. मी लिहिलं नाही. तुमची सूचना मी स्वतः बंद केली होती. टेबलावरची ती चूक तुमच्या हातची नव्हती, माझ्या हातची होती.